रोजच्या डायरीसाठी पक्की शाई शोधताना

डायरी मी शाईपेनानेच लिहिते आणि ते सोडायचं नाही हे आधीपासून ठरलेलं, त्यामुळे "बॉलपेन वापर की, कशाला एवढा खटाटोप" हा सल्ला ज्यांना द्यायचाय त्यांनी तो मनात ठेवा, घरात रोज फुकट मिळतो. प्रश्न एवढाच होता की शाई कुठली. रोज वापरता यायला हवी, पेनाची वाट लागायला नको, साध्या वहीत फुटायला नको आणि पाणी लागलं तरी अक्षर राहायला हवं. या चार गोष्टी एका बाटलीत मिळायला बराच काळ गेला म्हणून सविस्तर लिहितेय.

पाण्याचं आधी सांगते कारण सगळं तिथून सुरू झालं. माझं माहेर सांगलीचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी तिथे 45 ची, आणि आमचा खालचा मजला बुडाला. तिथल्या पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या कॉलेजपासूनच्या डायऱ्या होत्या, आणि त्याच ट्रंकेत तळाला आजोबांचे कागद, म्हणजे साठच्या दशकातल्या भाडेपावत्या, कसली कसली पत्रं वगैरे. पाणी ओसरल्यावर भावाने ट्रंक उघडली, सगळं गाळाने माखलेलं, जे सुटं होत होतं ते गच्चीवर वाळवलं. वाईट वाटलं ते वाटलंच, पण वाळल्यावर जे दिसलं त्याने डोक्यात किडा सोडला. ट्रंक तीच, पाणी तेच, पण बॉलपेनने लिहिलेलं जवळपास सगळं वाचता येत होतं, शाईपेनाच्या नेहमीच्या निळ्या शाईने, म्हणजे रॉयल ब्लूने, लिहिलेली पानंच्या पानं फिकट निळी होऊन कोरी झाली होती, आणि आजोबांच्या पावत्यांवरचा निळेपणा गेला होता पण खाली राखाडी-काळी रेघ जागच्या जागी शाबूत. सहीसुद्धा ओळखू येत होती! म्हणजे शाईपेनाने लिहिलेलंही टिकतं, फक्त शाई वेगळी असावी लागते.

रॉयल ब्लूचा तसा काही दोष नाही. ती मुळात शाळेतल्या पोरांसाठी, युनिफॉर्मवर सांडली तर धुतली जावी म्हणूनच तशी बनवतात. पाण्यात विरघळलेला रंग, परत पाणी मिळालं की परत विरघळतो, सरळ हिशोब आहे. गंमत पुढे झाली. मी आपली "परमनंट" लिहिलेली एक बाटली आणली, पान लिहिलं, वाळवलं, नळाखाली धरलं तर अर्ध्याहून जास्त शाई वाहून गेली. नंतर कळलं की आपल्याकडच्या बाटल्यांवर हा शब्द बऱ्याचदा फक्त वॉशेबलच्या उलट म्हणून असतो, म्हणजे कपड्यावरून सहज जाणार नाही आणि उन्हात जरा कमी उडेल, बस. वॉटरप्रूफशी त्याचा संबंध असेलच असं नाही. त्यामुळे लेबल वाचून शाई घ्यायची नाही, पट्टी लिहून नळाखाली धरायची, हे तेव्हापासून पक्कं केलं.

मग अप्पा बळवंत चौक. पुण्यातल्यांना सांगायला नको, वह्या-पुस्तकं-पेनं सगळं तिथेच. एका दुकानात काकांना म्हटलं पाण्याने न जाणारी शाई हवीय, तर त्यांनी झटकन वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची छोटी बाटली पुढे केली. "घ्या ताई, ही जन्मात जाणार नाही." खरंय त्यांचं, जन्मात जाणार नाही, पेनातूनसुद्धा. चित्रकलावाल्यांच्या त्या शाईत लाख असते, टाकाने किंवा ब्रशने वापरून लगेच धुवायची असते ती, शाईपेनात भरली की फीडमध्ये, म्हणजे निबखाली शाई पोचवणाऱ्या भागात, वाळून दगड होते आणि मग ते पेन शोकेसमध्ये ठेवायचं. हे मला आधी वाचून माहीत होतं म्हणून वाचले, पण दुकानात कुणी दिली तर घेऊ नका हे ठळक अक्षरात सांगायला हवं. नवऱ्याचा सल्ला याहून भारी, "निवडणुकीची शाई भर, ती तर बोटावरून जात नाही." ती मैसूरच्या कारखान्यातली, 1962 च्या निवडणुकीपासून वापरतात, त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं जे उजेडात काळं पडतं. पेनात घालायची चीज नव्हे. आणि ती काही दुकानात मिळत नाही, नाहीतर या माणसाने आणली असती.

तर पेनात चालतील अशा पक्क्या शाया मुख्यतः तीन प्रकारच्या. एक रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंट इंक. यात रंग विरघळलेला नसतो, अतिशय बारीक कण तरंगत असतात आणि ते कागदाच्या तंतूत अडकून बसतात. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक, सेलरची कीवागुरो काळी आणि सेइबोकू निळी-काळी या त्यातल्या जपानी, माँब्लाँचीही परमनंट निळी आणि काळी आहे. दुसरा प्रकार कागदाच्या सेल्युलोजशी रासायनिक बंध धरणारा, नूडलर्स नावाची अमेरिकन कंपनी बुलेटप्रूफ म्हणून विकते तो. आणि तिसरा सगळ्यात जुना, आयर्न गॉल. मराठीत त्याला रोजच्या वापरातला शब्द नाही, मी घरात लोखंडी शाई म्हणते.

आणि आजोबांच्या पावत्यांवरची ती हीच होती! त्या काळच्या ब्लू-ब्लॅक म्हणजे बऱ्याचशा लोखंडी शायाच. लिहिताना दिसावं म्हणून त्यात निळा रंग घालायचे, तो पाण्याने गेला, आणि मागे राहिलं ते लोखंडाचं काळं.

इथे जरा थांबते कारण मला यातच सगळ्यात जास्त मजा आली. गॉल म्हणजे मायफळ. हो तेच, बाळगुटीतलं, आईने माझ्यासाठी आणि मी माझ्या लेकीसाठी सहाणेवर उगाळलेलं. ओकच्या जातीच्या झाडावर एक किडा अंडी घालतो आणि तिथे झाड ती गाठ तयार करतं, त्यात टॅनिन ठासून भरलेलं. टॅनिन म्हणजे तोंडाला जो तुरटपणा येतो तो. या टॅनिनच्या पाण्यात हिराकस घातला, म्हणजे फेरस सल्फेट, की शाई. लिहिताना हे मिश्रण पाण्यात विरघळलेलं आणि अगदी फिकट असतं, कागदात मुरतं, मग हवा लागून त्यातलं लोखंड बदलतं आणि काळं, पाण्यात न विरघळणारं काहीतरी तिथेच कागदाच्या तंतूंमध्ये तयार होतं. म्हणजे रंग कागदावर बसलेला नसतो, कागदाच्या आत जन्मलेला असतो. मग तो पाण्याने कसा जाईल.

हे वाचल्यावर राहवेना, काष्ठौषधीच्या दुकानातून मायफळं आणि हिराकस आणला. मायफळं कुटली (खलबत्त्याला घाम फुटला, फार कडक असतात), पाण्यात भिजत घातली, गाळून घेतलं तर चहासारखं पाणी. त्यात हिराकसाचं पाणी ओतलं आणि डोळ्यादेखत ते जांभळट काळं झालं, लेक ओरडलीच. थोडा बाभळीचा डिंक घालून बोरूने लिहिलं. लिहिताना करडं, सकाळी बघितलं तर काळंभोर. ही घरची शाई पेनात अजिबात घालायची नाही, गाळ धरते आणि आम्ल किती आहे त्याचा काही भरवसा नसतो. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांमध्ये अशा शाईने अक्षरांच्या जागी कागद खाऊन भोकं पाडलेली आहेत. पेनासाठी ज्या लोखंडी शाया आज मिळतात त्यात लोखंड आणि आम्ल दोन्ही बरंच कमी आणि मोजून घातलेलं असतं.

आपल्या जुन्या मोडी कागदांवरची शाई मात्र बहुतेक काजळाची, काजळ आणि डिंक. काजळ म्हणजे कार्बन, त्याला ना ऊन काही करतं ना काळ, म्हणून ते कागद आजही काळेकुट्ट दिसतात. पण डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे तेच अक्षर ओल्या फडक्याने पुसलं जाऊ शकतं! उन्हाला पक्की आणि पाण्याला पक्की या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथे नीट कळलं, आणि चाचणी दोन्हीची वेगवेगळी घ्यायची ठरवली.

चाचणी म्हणजे फार काही शास्त्रीय नाही. ओळखीच्या पेनवेड्यांकडून थोडी थोडी शाई सिरिंजमध्ये मागून घेतली, काही छोट्या बाटल्या विकत आणल्या. कागद मुद्दाम भारीतला घेतला नाही, मी ज्याच्यावर लिहिते तोच, साधी लाँगबुक, झेरॉक्सचा 75 जीएसएमचा कागद आणि बँकेतून येणारी फुकटची डायरी. प्रत्येक शाईने तेच वाक्य लिहिलं, रात्रभर वाळू दिलं, पट्ट्या कापल्या. एक पट्टी ग्लासभर पाण्यात रात्रभर, एक नळाखाली, एकावर चहा, एकावर हायलायटर, आणि एक पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून पश्चिमेच्या खिडकीला चिकटवली, एप्रिल-मेचं पुण्याचं ऊन. शेवटी एक पट्टी ब्लीचमध्ये, ते फक्त उत्सुकता म्हणून.

पाण्यात रॉयल ब्लू गेली हे वेगळं सांगायला नको. काळ्या रंगद्रव्याच्या शाईला (पुढे हिलाच कार्बन म्हणते) काहीच झालं नाही, पाणीसुद्धा स्वच्छ. लोखंडीमधला निळा थोडा सुटला, पाणी निळसर झालं, पण अक्षर राखाडी-काळं आणि ठसठशीत वाचता येईल असं राहिलं, म्हणजे पावत्यांवर झालं तेच. चहाच्या पट्टीवर कागद तपकिरी, अक्षरं जागेवर. खिडकीत सगळ्यात आधी रॉयल ब्लूने मान टाकली, काही आठवड्यांत झाकलेला भाग निळा आणि उघडा भाग फिका करडा. लोखंडीचा निळा रंग तिथेही उडाला पण काळा अंश राहिला, जरा तपकिरीकडे झुकलेला. कार्बनची पट्टी दोन्हीकडे तश्शीच. ब्लीचमध्ये लोखंडी हरली, फिकट पिवळट डाग फक्त उरला, आणि कार्बनवर ब्लीचचाही काही उपाय चालला नाही.

एवढ्यावरून कुणीही म्हणेल की मग कार्बनच घे ना. मीही घेतलीच, आणि काही महिने तीच वापरली. कागदावर तिच्याइतकी पक्की दुसरी नाही हे आजही म्हणेन. पण रोजची डायरी म्हणजे रोजच असते असं नाही ना. दिवाळीत गावाला गेलं, मुलीची परीक्षा आली, आजारपण आलं की पेन आठ-पंधरा दिवस पडून राहतं. एका रंगद्रव्याच्या शाईने माझं एक लाडकं पेन असंच पडल्या पडल्या आतून धरलं, निब आणि फीड काढून कोमट पाण्यात भिजवून टूथब्रशने घासून मग कुठे सुरू झालं, तेही आधीसारखं मोकळं नाहीच. विरघळलेला रंग वाळला तर पाण्याने परत विरघळतो, कण एकदा एकमेकांना चिकटले की सुटायला तयार नसतात. शिवाय साध्या वहीत त्या शाईचा प्रवाह मोठा, रेघ जाड यायची, मागच्या पानावर ठिपके उतरायचे, म्हणजे वहीची एकच बाजू वापरायची. माझ्यासारख्या कोकणस्थाशी लग्न केलेल्या बाईला हे परवडत नाही. (हा विनोद घरात वाचून दाखवलाय, चालतो.)

सेल्युलोजवाली बद्दल थोडक्यात. चांगली आहे, ब्लीचलाही पुरून उरते, पण जी शाई कागदाला लागली तीच पक्की, वर जी जास्तीची राहते ती बराच वेळ हाताला लागते. मी लिहिताना तळहात पानावर टेकवते आणि पावसाळ्यात तर कागदच दमट असतो, तळहाताची कड काळी व्हायची. ज्यांचा हात कोरडा आणि कागद चांगला शोषणारा त्यांनी जरूर बघावी.

इथे मी स्वतःला विचारलं की बाई, तुझ्या डायरीला नक्की धोका कशाचा आहे. ब्लीच टाकून खाडाखोड करेल असा चोर? त्यात आहे काय, भाजीचे भाव, ऑफिसातली कुरबुर आणि सासूबाईंबद्दल दोन-चार ओळी ज्या खोडल्या गेल्या तर उलट बरंच. चेकवर सही करायची असेल, करारावर लिहायचं असेल तर ब्लीचचा विचार करा, तिथे कार्बनच. माझ्या वहीला धोका पाण्याचा, भिंतीला येणाऱ्या ओलीचा, टेबलावर पडणाऱ्या उन्हाचा, आणि मी पेन आठवडाभर विसरण्याचा. बंद वहीला ऊन तसंही लागत नाही. असा हिशोब मांडला तर लोखंडी शाई सरळ पुढे येते.

तिचा आणखी एक गुण आहे ज्याबद्दल लोक कमी बोलतात. ती स्वस्त कागदावर फार नेटकी वागते. प्रवाह आटोपशीर, अक्षराच्या कडा धारदार, फुटत नाही, मागे उतरत नाही. ज्या लाँगबुकमध्ये बाकीच्या शायांच्या मुळ्या फुटायच्या तिथे ही शहाण्या मुलीसारखी रेघ सोडत नाही. मला वहीच्या दोन्ही बाजू परत मिळाल्या.

लोखंडीमध्ये पर्याय बरेच आहेत, इंग्लंडच्या डायमाइनची रजिस्ट्रार्स इंक, जी मुळात तिकडच्या जन्म-विवाहाच्या नोंदवह्यांसाठीची, जर्मनीच्या रोरर अँड क्लिंगनरची सालिक्स, प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक, आणि पेलिकनची 4001 ब्लू-ब्लॅक. रजिस्ट्रार्समध्ये लोखंडाचा अंश जास्त म्हणून ती जास्त काळी होते, नोंदवहीला ठीक, रोज पेनात ठेवायला मला जरा कडक वाटली. सालिक्सचा निळा सुंदर आहे. शेवटी घेतली पेलिकन, कारण मला ती सहज मिळाली आणि 62.5 मिलीची बाटली म्हणजे बराच काळ बघायला नको. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनातल्या शाई ओढून घेणाऱ्या नळीत, एक मिलीच्या आतबाहेर मावते, म्हणजे साठ-एक वेळा भरणं झालं, बाटलीची किंमत बघून दचकायचं काही कारण नाही.

स्वभावाने ही शाई कोरडी, म्हणजे निबमधून हात राखून येते. त्यामुळे आधीच कंजूष वाहणाऱ्या बारीक निबमध्ये घातली तर कागद खरवडल्यासारखं वाटतं आणि माणूस शाईला शिव्या देतो. मी ती माझ्या सगळ्यात ओल्या पेनात घालते, एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, देशी पेन, मध्यम निब, जे बाकी शायांनी जरा जास्तच वाहतं. या दोघांचं छान जमलं. एबोनाइटचं पेन थेट ड्रॉपरने भरायचं असेल तर ते पूर्ण रिकामं होऊ देऊ नका, आत हवा जास्त झाली की हाताच्या उबेने ती फुगते आणि निबखाली थेंब पडतो, हे कुठल्याही शाईला लागू आहे पण लोखंडीचा थेंब पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडला की जास्त लक्षात राहतो.

कपड्यावर पडली तर ब्लीच लावू नका, निळा जातो आणि गंजासारखा पिवळा डाग कायमचा बसतो. लिंबू आणि मीठ चोळून ठेवा, गंजाच्या डागाला आपण करतो तेच, कारण तो डाग शेवटी लोखंडाचाच आहे.

पेन सांभाळायचं म्हणाल तर, मी महिन्याभरात एकदा रिकामं करून साध्या पाण्याने स्वच्छ करते, पाणी नितळ येईपर्यंत. कधी फीडवर काळपट थर दिसला तर पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून थोडा वेळ, मग परत भरपूर पाणी. दुसऱ्या शाईत मिसळायची नाही, शाई बदलायची असेल तर मध्ये पेन पूर्ण धुवायचं, नाहीतर आत गाळ बसायची शक्यता. बाटली कपाटात, झाकण घट्ट. उघडी राहिली तर हवा लागून बाटलीतच काळी पडायला लागते, जे काम कागदावर व्हायला हवं ते. सोन्याच्या निबला काही होत नाही, आजकालच्या चांगल्या स्टीलच्या निबलाही सहसा नाही, पण सोनेरी मुलामा असलेल्या जुन्या स्वस्त निबमध्ये महिनोन्महिने भरून ठेवायचा प्रयोग मी तरी करणार नाही.

कार्बन मी टाकून दिलेली नाही. ती प्लॅटिनमच्या स्वस्तातल्या प्रेपीमध्ये भरलीय, त्या पेनाच्या टोपणात आतून हवा बंद करणारी स्लिप अँड सील म्हणून सोय असते, त्यामुळे महिना-महिना पडून राहिलं तरी पहिल्या फटक्यात लिहितं. कुरियरचे पत्ते, मसाल्याच्या बरण्यांवरची लेबलं, चेक, सगळं त्याने. आणि वाईट काही झालंच तर पेन गेलं म्हणून जीव जळणार नाही.

रात्री लिहिते तेव्हा अक्षर धुतलेल्या जीनसारखं निळं असतं, सकाळी वही उघडली की गडद, आणि आठवड्यापूर्वीचं पान जवळजवळ काळं. आजचं, कालचं, मागच्या आठवड्याचं पान रंगावरूनच ओळखता येतं आता.

फक्त एक अडलंय. मला महिन्याच्या हिशोबाच्या रकान्यासाठी पक्की लाल हवीय, आणि लोखंडीमध्ये चकचकीत लाल मिळणं अवघड, लोखंड काळं पडतं तेव्हा लाल त्यात बुडून जातो. जास्तीत जास्त जांभळट, रोररची स्काबिओसा आहे तशी. म्हणजे लालसाठी परत रंगद्रव्याकडेच जावं लागणार आणि अजून एक प्रेपी आणावं लागणार. कुणी लाल पिगमेंट शाई साध्या लाँगबुकवर वापरली असेल तर मागे उतरते का तेवढं सांगा, बाटली मागवायच्या आधी.